दोनशे पंधरा दिवसांचं ऑपेरा हाऊस

मंडळी, ज्या इमारतीबद्दल आज बोलायचं आहे तिचं बाहेरून काढलेलं सर्वांत भरवशाचं चित्र ती मोडल्यानंतरचं आहे. 1757 साली पॅरिसमध्ये झाक-फिलिप ल बा या कोरक्याने लिस्बनच्या भूकंपातल्या अवशेषांचे सहा ताम्रपट छापले. त्यातला एक ऑपेरा हाऊसचा आहे. जाड दगडी भिंती बऱ्याच उंचीपर्यंत उभ्या आहेत, कमानी आहेत, छप्पर नाही, आत काहीच नाही. पायथ्याशी दोन-चार माणसं मुंगीएवढी दिसतात, म्हणजे इमारत केवढी होती ते कळावं. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा, कारण शेवटी आपल्याला त्याच्याकडेच परत यायचं आहे.

इमारतीला लोक 'कासा दा ऑपेरा' म्हणत. पुढे नाव रूढ झालं 'ऑपेरा दो तेजो', तेजो नदीकाठचं ऑपेरा. उद्घाटन 31 मार्च 1755 रोजी झालं, राणी मारियाना व्हितोरियाच्या वाढदिवशी. शेवट 1 नोव्हेंबर 1755 रोजी. मध्ये 215 दिवस. युरोपातल्या अत्यंत खर्चिक नाट्यगृहांपैकी एक असलेली ही वास्तू एक पूर्ण हिवाळी हंगामसुद्धा बघू शकली नाही.

आधी पैसा कुठून आला ते बघू, कारण त्याशिवाय ही हौस समजत नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगालकडे ब्राझीलचं सोनं येत होतं. खाणीतून निघालेल्या सोन्याचा पाचवा हिस्सा राजाचा, त्याला 'किंतु' म्हणत. दों जुवांव पाचव्याने त्या पैशातून माफ्राचा प्रचंड राजवाडा-मठ उभा केला, त्याच्याच काळात लिस्बनला पाणी आणणाऱ्या जलसेतूचं काम सुरू झालं. पण 1742 साली राजाला पक्षाघात झाला, दरबार धर्मकृत्यांत बुडाला आणि नाटक-ऑपेरा जवळजवळ बंद पडले. आठ वर्षं असं चाललं. 1750 मध्ये मुलगा गादीवर आला. गोव्यात ज्याला आपण जुझे म्हणतो तोच हा, दों जुझे पहिला. याला ऑपेराचं वेड होतं, राणी स्पेनच्या राजघराण्यातली, तिलाही संगीताची गोडी. आठ वर्षांचा उपास सुटल्यावर माणूस जसा जेवतो तसा हा दरबार ऑपेरावर तुटून पडला. 1752 मध्ये नेपल्सचा संगीतकार दाविद पेरेझ लिस्बनला आला, आणि त्याच सुमाराला बोलोन्याहून जोव्हान्नी कार्लो गाल्ली बिबिएना.

बिबिएना हे एका माणसाचं नाव नाही, घराण्याचं आहे. आपल्याकडे गायकीची घराणी असतात तसं हे रंगमंच बांधणाऱ्यांचं घराणं. फेर्दिनांदो आणि फ्रांचेस्को हे भाऊ, मग त्यांची मुलं, पुतणे. व्हिएन्ना, बायरॉइट, बोलोन्या, मांतुआ, सगळीकडे यांचा हात. लिस्बनचा जोव्हान्नी कार्लो हा फ्रांचेस्कोचा मुलगा. आज बायरॉइटमध्ये 1748 चं मारग्रेव्हांचं ऑपेरा हाऊस उभं आहे, तिथलं लाकडी सोनेरी प्रेक्षागृह याच्या चुलतभावाने, जुझेप्पेने आणि त्याच्या मुलाने केलं. लिस्बनचं आतून कसं असेल याचा अंदाज घ्यायचा तर तिथे जाऊन बघावं. पांढरं आणि सोनेरी काम, मजल्यांवर मजले बॉक्स, समोर राजाचा मोठा कक्ष. इथे तिकीट नव्हतं. राजाचं बोलावणं आलं तर आत, नाही तर बाहेर. प्रेक्षक साधारण 600. मोठ्या इमारतीत एवढेच कसे, हा प्रश्न पडला पाहिजे, आणि त्याचं उत्तर रंगमंचात आहे.

उपलब्ध आराखड्यांत रंगमंचाची खोली प्रेक्षागृहापेक्षा जास्त दिसते. बाहेरून बघणाऱ्याला जी इमारत दिसत होती तिचा बराच भाग प्रेक्षकांसाठी नव्हताच, यंत्रासाठी होता. हे यंत्र काय होतं ते जरा सविस्तर सांगतो. आपल्या संगीत नाटकांत राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा गुंडाळून वर जायचा आणि खाली यायचा. विंगा मात्र बऱ्याचदा तशाच राहायच्या, जंगलाच्या प्रवेशातही बाजूला महालाचा खांब. इटालियन पद्धतीत मागचा पडदा, दोन्ही बाजूंच्या सगळ्या विंगा आणि वरच्या झालरी, हे सगळं एकाच वेळी, पडदा न पाडता, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत बदलत असे. सतराव्या शतकाच्या मध्याला व्हेनिसमध्ये ही युक्ती पक्की झाली आणि पुढे दीडशे वर्षं तीच चालली.

रचना अशी. रंगमंचाच्या फळ्यांत, प्रेक्षकांना समांतर, दोन्ही बाजूंना लांब फटी ठेवलेल्या असतात. फळ्यांखाली एक मजला. तिथे रुळांवर छोट्या चाकांचे गाडे. प्रत्येक गाड्यावर एक उभा दांडा, तो फटीतून वर येतो, आणि त्या दांड्यावर विंगेची चौकट अडकवायची. प्रत्येक विंगेच्या जागी असे दोन गाडे शेजारी-शेजारी असतात. एक पुढे, प्रेक्षकांना दिसणारा, दुसरा मागे सरकलेला. दोघांचे दोर उलट दिशेने गुंडाळलेले, त्यामुळे एक बाहेर गेला की दुसरा आपोआप आत येतो. सगळे दोर तळघराच्या मध्यावर असलेल्या एका लांब आडव्या लाटेवर, म्हणजे फिरत्या लाकडी ओंडक्यावर, जातात. ती लाट रहाटासारखी फिरवली किंवा तिला बांधलेलं वजन सोडलं की सगळ्या विंगा एका झटक्यात बदलतात.

यातली खरी कारागिरी लाटेच्या जाडीत आहे. विंगेला दोन मीटर सरकायचं आहे आणि वरच्या झालरीला चार मीटर, पण दोघांनी एकाच क्षणी थांबायचं आहे. मग झालरीचा दोर लाटेवर दुप्पट व्यासाच्या ढोलावर गुंडाळायचा. लाट एकदा फिरली की छोट्या ढोलावरून कमी दोर सुटतो, मोठ्यावरून जास्त, आणि सगळं एकत्र येऊन थांबतं. कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात विंगांच्या आठ-दहा जोड्या धरल्या आणि प्रत्येक विंगेला दोन गाडे, म्हणजे तीस-चाळीस दोर एका लाटेवर येतात. ते सगळे अंबाडीचे, आणि अंबाडीच्या दोराला हवा कळते. हवा दमट झाली की दोर फुगतो आणि आखूड होतो, कोरडी झाली की सैल पडतो. तेजोच्या काठावरच्या नाट्यगृहात हा त्रास रोजचा असणार. एक विंग चार बोटं अलीकडे थांबली तरी देखावा फाटलेला दिसतो, मागचा माणूस दिसतो, चित्राची रेघ जुळत नाही. म्हणून अशा नाट्यगृहांत प्रयोगाआधी प्रत्येक दोर ताणून बघणं, रुळांना चरबी किंवा साबण लावणं, फुगलेल्या फळीची फट तासून मोकळी करणं हे नेहमीचं काम. एवढं करून माणसं तळघरात अंधारात उभी, आणि वरून इशारा होईपर्यंत श्वास रोखून. चूक झाली तर ती सहाशे लोक आणि एक राजा बघणार.

हे यंत्र आज चालताना बघायचं असेल तर स्वीडनमधलं ड्रॉटनिंगहोम आणि चेक देशातलं चेस्की क्रुमलोव, दोन्ही 1766 च्या सुमाराची. तिथे लाकडी यंत्रणा मूळची टिकून आहे आणि अख्खा देखावा काही सेकंदांत बदलतो. त्या दोन्ही जागा लिस्बनच्या मानाने आटोपशीर.

मग एवढी खोली हवी कशाला? याला कारण चित्रकला. जुन्या पद्धतीत देखावा मध्यावरच्या एका बिंदूकडे निमुळता होत जातो. पहिली विंग माणसाच्या तिप्पट उंच, शेवटची जेमतेम माणसाएवढी. समोर बसलेल्या राजाला वाटतं रस्ता फर्लांगभर लांब आहे. पण नट चुकून मागे गेला की घात होतो, खांबाचा माथा त्याच्या खांद्याला लागतो. म्हणून गायक सतत पुढच्या काठाजवळ उभे राहून गात. फेर्दिनांदो बिबिएनाने यावर तोड काढली आणि 1711 मध्ये आपल्या ग्रंथात ती मांडली. देखावा कोनातून बघायचा. समोर महालाचा कोपरा येतो, दोन दालनं दोन दिशांना जातात, निमुळते होण्याचे बिंदू रंगमंचाच्या बाहेर कुठेतरी. विंगा मोठ्याच ठेवता येतात, महालाचा माथा दिसतच नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं आपण महालाच्या एका कोपऱ्यात उभे आहोत, उरलेला महाल डोळ्यांपलीकडे पसरला आहे. ही पद्धत आणि खरोखरची खोली, दोन्ही हाताशी असली की माणसांचा जथा मागून पुढे चालत येऊ शकतो. आणि लिस्बनमध्ये माणसं नुसती चालत आली नाहीत.

उद्घाटनाचं ऑपेरा होतं 'अलेस्सांद्रो नेल्ल इंदिए', अलेक्झांडर हिंदुस्थानात. शब्द मेतास्तासिओचे, संगीत पेरेझचं. ही संहिता त्या शतकात डझनावारी संगीतकारांनी वापरली, हँडेलने 1731 मध्ये लंडनला केली ती 'पोरो' याच शब्दांवर. झेलमकाठी पुरू राजा हरतो, त्याची प्रेयसी क्लेओफिदे हिच्याबद्दल त्याला संशय, मध्ये वेषांतरं, गैरसमज, शेवटी अलेक्झांडर उदारपणे राज्य आणि राणी दोन्ही परत करतो. इतिहासात क्लेओफिस वेगळ्याच ठिकाणची, पण मेतास्तासिओला इतिहासाशी घेणंदेणं नव्हतं. त्याला क्षमा करणारा राजा दाखवायचा होता आणि समोर बसलेल्या राजाने तो आपणच आहोत असं समजायचं होतं.

इथे आपल्या बाजूने एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. लिस्बनच्या रंगमंचावर हिंदुस्थान जिंकून उदारपणे परत केला जात होता तेव्हा प्रत्यक्षात पोर्तुगीजांकडचा हिंदुस्थान आक्रसत चालला होता. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, म्हणजे उद्घाटनाच्या सोळा वर्षं आधी. आणि पुढच्याच वर्षी, 1756 मध्ये, गोव्याचा व्हाइसरॉय काउंट आल्व्हा फोंड्याच्या मर्दनगडापाशी मराठ्यांशी लढताना मारला गेला. प्रेक्षकांत यातलं किती कुणाच्या मनात होतं देव जाणे. ऑपेरा हाऊसशेजारच्या रिबैरा राजवाड्याला लागूनच 'कासा दा इंदिया' होती, गोव्याचा सगळा व्यवहार जिथून चालायचा ते कार्यालय. आत संगीतातला हिंदुस्थान, शेजारी हिशेबातला.

त्या प्रयोगाचं ऐकीव वर्णन इंग्रज संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नीने नोंदवून ठेवलं आहे. रंगमंचावर मॅसिडोनियाची फौज आली आणि तिच्याबरोबर घोडेस्वारांची तुकडी. राजाच्या अश्वशाळेतला एक शिक्षक अलेक्झांडरच्या ब्युसेफलस घोड्याच्या भूमिकेतल्या जनावरावर स्वार होता आणि घोडा पेरेझने रचलेल्या संचलनाच्या तालावर पावलं टाकत होता. लक्षात घ्या, घोड्याला संगीत शिकवलं नव्हतं. घोड्याची शिकवलेली चाल बघून संगीत त्याच्या पावलाला बसवलं होतं. हा फरक मोठा आहे.

आता याचा व्यवहार बघा. घोडा 400 ते 500 किलोचा, त्यावर स्वार. दोन पाय उचलून चालणाऱ्या घोड्याचा भार एका क्षणी फळीच्या हातभर जागेवर येतो. रंगमंच पुढे उतरता, प्रेक्षकांना मागचं दिसावं म्हणून. त्यात विंगांच्या फटी, ज्यांत नाल अडकू शकतो, म्हणून घोड्यांच्या वाटेवर फटी झाकून घ्यायला हव्यात, आणि झाकल्या की त्या विंगा हलणार नाहीत. फळ्यांखाली तळघरात मधोमध लाट आणि दोर, तिथे जास्तीचा खांब रोवायला जागा नाही. वर शेकडो दिवे. म्हणजे घोड्यांचा प्रवेश हा फक्त शेवटी, देखावा बदलायचा नसताना, ठरावीक वाटेने करायचा. दिमाखाच्या मागे सुतारांचं असं गणित असतं.

गायकांबद्दल थोडक्यात. राजाने इटलीतली मोठी नावं गोळा केली होती, जित्सिएल्लो, काफारेली, आणि जर्मन तार स्वराचा आंतोन राफ. राफ पुढे म्हातारपणी, 1781 मध्ये, मोझार्टच्या 'इदोमेनेओ'त मुख्य भूमिका गायला. पहिले दोघे कास्त्राती, म्हणजे लहानपणी अंडकोष काढल्यामुळे आवाज न फुटलेले पुरुष. लिस्बनच्या दरबारी रंगमंचावर बायका नव्हत्या, स्त्रीभूमिकाही हेच करत. स्त्रीपार्टींची परंपरा माहीत असलेल्या मराठी प्रेक्षकाला यात नवल वाटू नये, नवल वाटावं ते त्यासाठी मोजलेल्या किमतीचं. उद्घाटनानंतर जूनमध्ये, राजाच्या वाढदिवसाच्या निमित्ताने, मात्सोनी या इटालियन संगीतकाराचं 'ला क्लेमेन्त्सा दि तितो' झालं, आणि त्याच वर्षाच्या शरदासाठी त्याचंच 'आंतिगोनो'. तेवढ्यात संपलं.

1 नोव्हेंबर, सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या सुमाराला जमीन हलली, काही मिनिटांत तीन मोठे धक्के. चर्च भरलेली, वेदीवर मेणबत्त्या, घरोघरी चुली पेटलेल्या. लोक पडक्या भिंतींपासून पळून नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे गेले आणि साधारण तासाभरात तेजोच्या मुखातून समुद्र आत आला. मग आग, पाच-सहा दिवस. राजघराणं त्या सकाळी शहराबाहेर बेलेममध्ये होतं म्हणून वाचलं. रिबैरा राजवाडा गेला, त्यातलं सुमारे 70,000 ग्रंथांचं ग्रंथालय गेलं, कासा दा इंदियाचे कागद गेले. हा शेवटचा तोटा आपला आहे, कोकणचा आणि गोव्याचा इतिहास लिहिणाऱ्याला तो आजही जाणवतो. तोर्रे दो तोंबो या मुख्य अभिलेखागाराचा मनोरा कोसळला, पण वृद्ध अभियंता मानुएल दा माइया याने ढिगाऱ्यातून दप्तरं काढून घेतली, ती टिकली.

'ऑपेरा भूकंपात कोसळलं' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आता ल बाचं चित्र पुन्हा आठवा. त्याच्या संग्रहाच्या शीर्षकातच 'कंपाने आणि आगीने' झालेले अवशेष असं म्हटलं आहे. भिंती उभ्या आहेत. गेलं ते सगळं लाकूड: छपराच्या कैच्या, रंगमंच, लाट, गाडे, बॉक्सचे मजले. माझ्या मते धक्क्याने इमारत जबर जखमी झाली, छप्पर बसलं असेल, पण ती संपवली आगीने. आणि नाट्यगृहाइतकं आगीला सोयीचं बांधकाम दुसरं नाही. वाळलेलं लाकूड, सरसाच्या रंगाने रंगवलेलं ताणलेलं कापड, अंबाडीचे दोर, दिव्यांचं तेल, रुळांची चरबी. वर उंच पोकळी, खाली तळघर, म्हणजे चुलीचा धुराडा. ज्या सोयींमुळे देखावा क्षणात बदलत होता त्याच सोयींनी ज्वाळा वर खेचल्या. जलसेतू मात्र भूकंपात तगला. तो नुसता दगड होता.

राजाने पुन्हा त्या जागी काही बांधलं नाही. त्याला दगडी छताची इतकी धास्ती बसली की अजुदाच्या टेकडीवर लाकडी राजवाडा उभारून तो 1777 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. लोक त्याला 'राजाची बराक' म्हणत. तो वाडा 1794 मध्ये जळाला. भूकंपाला भिऊन लाकूड घ्यावं तर आग, आगीला भिऊन दगड घ्यावा तर भूकंप. शहराच्या अभियंत्यांनी यातला मध्य काढला. राजाचा मंत्री पोम्बाल याच्या हाताखाली नव्या वस्तीत भिंतींच्या पोटात लाकडी चौकट, तीत तिरप्या फुल्या, पोकळी दगड-विटांनी भरलेली. धक्का बसला की दगड सुटतील, चौकट वाकेल पण उभी राहील. तिला 'गायोला', पिंजरा, म्हणतात. दोन घरांमधली भिंत छपराच्या वर काढलेली, आग पलीकडे जाऊ नये म्हणून. खाली ओली जमीन, तिथे पाइनचे खुंट ठोकलेले. ऑपेरा हाऊसच्या वेळी यातलं काही नव्हतं आणि त्या जागेची जमीनही नदीकाठचीच.

ऑपेराच्या जागी नौदलाचं आर्सेनाल, म्हणजे जहाजांची गोदी, आलं. आजही तिथल्या रस्त्याचं नाव 'रुआ दो आर्सेनाल'. बिबिएना लिस्बनमध्येच राहिला, अजुदाजवळच्या मेमोरिया चर्चचा आराखडा त्याचा, आणि 1760 मध्ये तिथेच वारला. शहराला मोठं ऑपेरा हाऊस पुन्हा मिळालं ते 1793 मध्ये, सांव कार्लुश, आणि ते राजाने नव्हे तर व्यापाऱ्यांच्या पैशाने. तिकीट काढून आत जायचं.

विसाव्या शतकात लिस्बनच्या ललित कला अकादमीत काही आराखडे ओळखले गेले, ते याच नाट्यगृहाचे असं धरून पुढचं बरंचसं लिखाण झालं. सगळे अभ्यासक ते मान्य करत नाहीत, बिबिएनाने इथे इतरही नाट्यगृहं बांधली होती. वाद सोडवायला हाताशी आहे ते एवढंच: उद्घाटनाच्या वर्षी छापलेल्या संहितांतली देखाव्यांची ताम्रपट चित्रं, बघून गेलेल्या परदेशी माणसांची वर्णनं, ल बाचा एक पत्रा. मात्सोनीचं 'आंतिगोनो' मात्र 2011 मध्ये लिस्बनला पुन्हा गायलं गेलं. वाद्यवृंद होता, गायक होते, ते यंत्र नव्हतं.